जांभ्याचं घर: पावसाआधीची कामं, २०२५

२ फेब्रुवारी २०२५

आज फक्त पाहणी केली. कुडाळ तालुक्यातलं हे घर पणजोबांनी बांधलं. भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभा दगडाच्या घडीव ठोकळ्यांच्या, सांधे मातीत भरलेले, वर मंगळुरी कौलं. पुढे ओटी, मधे माजघर आणि देवघर, मागे पडवी आणि न्हाणी. आई इथेच राहते. जूनपर्यंत ऑफिसचं काम गावातून करायची परवानगी मिळाली आहे, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ आणि सुट्टीचे दिवस घराला देता येतील. चुलतभाऊ हाताशी आहे. जड लाकूडकामाला मेस्त्रीकाका यायला तयार आहेत.

मागचा पाखा, म्हणजे छपराचा मागचा उतार, गळतो. माजघर आणि देवघराच्या भिंती खालून ओल धरतात, पोपडे सुटतात, क्षाराचा पांढरा लोणा फुटतो. पडवीच्या दाराची चौकट वाळवीने धरली आहे. येणारा-जाणारा प्रत्येक दुखण्याला वेगळं औषध सांगतो: पाख्यावर पत्रा घाला, भिंतीला वॉटरप्रूफिंग करा, चौकट बदला. दिवसभर टॉर्च घेऊन फिरल्यावर माझं मत असं झालं की या सगळ्याच्या मुळाशी पाणीच आहे. ते वरून आत येतं, जोत्याशी साठतं, भिंतीत चढतं आणि तिथेच अडकतं. लाकूड ओलं राहिलं की वाळवीला आमंत्रण मिळतं. म्हणून कामाचा क्रमही पाण्याच्या वाटेने लावायचा. आधी पाखा, मग जोत्याभोवतीची जमीन, शेवटी भिंत.

शेजारचे तात्या ओटीवर टेकले आणि त्यांनीही तेच सांगितलं. "पयलो पाखो बघ रे, मगे भितीक हात लाव. पाणी वरसून इला तर खालचा सगळा काम फुकट."

रात्री हिशेब केला. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या छपरावर तेवढा पाऊस म्हणजे पावणेतीन लाख लिटरच्या वर पाणी, आणि तेही जवळजवळ सगळं चार महिन्यांत. हे सगळं पागोळ्यांतून जोत्यापासून हातभर अंतरावर पडतं. ते पुढे कुठे जातं, याचं उत्तर सध्या घरात कुणाकडेच नाही.

८ फेब्रुवारी

पाखा आधी हे ठरलं असलं तरी चुना आजच भिजवून ठेवावा लागतो, कारण गिलावा मेमध्ये करायचा आहे आणि विरलेला चुना जितका मुरेल तितका चांगला. घाटावरून कळीचा चुना आणला. खडे कोरडे, हलके, एकमेकांवर आपटले की टणटण वाजणारे. जे खडे हवेत राहून आधीच भुकटी झाले होते ते वेगळे काढले. त्यांत जोर उरलेला नसतो.

चुना विरवणं हे या सगळ्या प्रकल्पातलं सगळ्यात धोक्याचं काम आहे, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो. पिंप लोखंडी हवं. प्लास्टिकचं नको, कारण पाणी अक्षरशः उकळतं. आधी पिंपात पाणी, मग त्यात थोडे थोडे खडे. उलट करायचं नाही. खड्यांवर पाणी ओतलं तर एकदम वाफ उसळून चुना अंगावर उडतो. डोळ्यांना बंद चष्मा, हातात कोपरापर्यंतचे रबरी मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि बाजूला स्वच्छ पाण्याची भरलेली बादली. डोळ्यात कण गेला तर लगेच आणि बराच वेळ पाण्याने धुवायचं, चोळायचं नाही, आणि थेट डॉक्टर गाठायचा. मुलांना आणि कुत्र्याला काकूंच्या घरी पाठवून दिलं होतं.

पहिले काही क्षण काहीच होत नाही. मग खड्याला बारीक चिरा जातात, आतून बुडबुडे येतात, आणि बघता बघता सगळं पिंप रटरटायला लागतं. फावड्याच्या लांब दांड्याने ढवळत राहिलो. निवल्यावर मिश्रण जाळीतून गाळून खड्ड्यात सोडलं, वर चार बोटं पाणी राखलं. हे पाणी आटू द्यायचं नाही. हवा लागली की चुना आपला दगड व्हायला सुरुवात करतो, आणि तो दगड आपल्याला भिंतीवर हवा आहे.

१५ आणि १६ फेब्रुवारी

भिंतीचं सिमेंट काढायला घेतलं. हेही पाख्याच्या आधी, कारण भिंतीला वाळायला पूर्ण उन्हाळा मिळायला हवा.

काही वर्षांपूर्वी ओल दिसते म्हणून एका कंत्राटदाराकडून आतून-बाहेरून चार फूट उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा करून घेतला होता, वर ऑइलपेंटचा पट्टा. दोन पावसाळे भिंत छान दिसली. नंतर ओल सिमेंटच्या बरोबर वर, साडेचार-पाच फुटांवर दिसायला लागली. आज छिन्नी लावल्यावर त्याचं कारण हातात आलं. सिमेंटची खपली पत्र्यासारखी निघाली, वाजत निघाली. मागची बाजू फेब्रुवारीतही ओलसर होती. तिच्या मागचा जांभा हाताने चोळला तर पिवळट-लाल पीठ सुटत होतं. पावसाच्या मोसमाला साडेचार महिने उलटले, तरी भिंत आतून वाळलेली नव्हती.

जांभा सच्छिद्र दगड आहे. खाणीतून ताजा काढलेला चिरा मऊ असतो, तासता येतो, आणि हवा लागली की कडक होतो. तो जमिनीतली ओल वर ओढतो हे खरं, पण तितक्याच सहजपणे ती हवेत सोडूनही देतो. जुन्या माणसांनी वर चुना दिला तो त्यासाठी. चुन्याच्या गिलाव्यातून वाफ बाहेर जाते. सिमेंटने ती वाट बुजवली, मग पाणी वर चढत गेलं आणि जिथे सिमेंट संपलं तिथे बाहेर पडलं. येताना बरोबर क्षार आणले. पाणी उडून जातं, क्षार दगडाच्या छिद्रांत स्फटिक होऊन बसतात आणि फुगून दगडाची कड फोडतात. लोणा म्हणतो तो हाच.

छिन्नी वरच्या कडेपासून, भिंतीला तिरपी धरून चालवायची. समोरून सरळ घाव घातला तर चिऱ्याची कपची सिमेंटबरोबर निघते. ब्रेकर मशीन आणूया असं भाऊ म्हणत होता, मी नको म्हटलं. मातीत बांधलेल्या भिंतीला तो हादरा सोसत नाही. हळू चालतं, पण प्रत्येक चिरा हाताखालून जातो आणि कोणता सांधा पोकळ आहे तेही कळतं. लोणा कोरड्या कुंच्याने झाडून सुपात गोळा केला आणि लांब नेऊन टाकला. पाण्याने धुतला असता तर तोच क्षार विरघळून पुन्हा आत गेला असता.

देवघराची भिंत उघडी पडल्यावर आई बराच वेळ हात लावून बघत होती. "ह्या भितीक परत सिमिट नको हां," एवढंच म्हणाली.

१ मार्च

आजपासून पाखा. शिडी, दोर, आणि पाख्यावर टाकायला फळ्यांची आडव्या पट्ट्या ठोकलेली लांब शिडी तयार केली. कौलांवर थेट पाय देत फिरायचं नाही. वजन वाशांवर गेलं पाहिजे. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक पलीकडच्या पाख्यावरून नेऊन फणसाच्या बुंध्याला. सकाळी दव वाळेपर्यंत वर चढायचं नाही, शेवाळावरून पाय सरकतो.

मागच्या पाख्यावर माकडांनी केलेलं नुकसान सगळ्यात जास्त. फणसावरून उडी मारतात ती याच पाख्यावर. गावात अर्ध्याहून अधिक घरांवर पत्रे आले ते माकडांमुळेच, आणि मी कुणालाही दोष देणार नाही. दरवर्षी कौलं बदलणं, शाकारणीला माणूस न मिळणं, हे सोसायला तरुण हात लागतात. पण पत्र्याखाली एप्रिलमध्ये दुपारी बसवत नाही, आणि पावसात शेजारचं बोलणं ऐकू येत नाही. आईला या घरात राहायचं आहे. म्हणून कौलंच. पाख्यावर झुकलेल्या फणसाच्या फांद्या तेवढ्या कापून घेतल्या.

८ मार्च

मागचा पाखा पागोळीपासून आढ्यापर्यंत पूर्ण उतरवला. उतरवलेलं प्रत्येक कौल तात्यांनी खळ्यात, म्हणजे अंगणात, बसून बोटाच्या पेराने वाजवलं. "खणखणीत वाजला तर ठेव, बद वाजला तर काढ. डोळ्याक दिसणा नाय ती भेग कानाक कळता." त्यांनी बद म्हणून बाजूला टाकलेलं एक कौल मी पाण्यात बुडवून पुसलं, तेव्हा केसाएवढी भेग ओली होऊन उठून दिसली.

काही कौलांच्या पाठीवर बासेल मिशनचा ठसा आणि १८६५ हे साल आहे. हे साल मंगळूरच्या कारखान्याच्या स्थापनेचं, कौल भाजल्याचं नव्हे. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने मिशनचे कारखाने ताब्यात घेतले आणि पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, त्यामुळे ही कौलं बहुधा त्याच्या आधीची असावीत. शंभर वर्षांचा पाऊस खाऊन अजून खणखणीत वाजतात. ती सगळी घासून पुढच्या पाख्यासाठी राखून ठेवली, तिकडे माकडं कमी येतात.

फुटकी कौलं टाकायची नाहीत. सुरखीला, म्हणजे चुन्यात मिसळायच्या पुडीला, लागणार आहेत.

१३ मार्च

होळी. शिमग्यात कामाला कुणी येत नाही आणि येऊही नये. उघड्या पाख्यावर ताडपत्री बांधून ठेवली.

२३ मार्च

लाकूड. वासे ऐनाचे, आढं फणसाचं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने प्रत्येक वासा टोकापासून टोकापर्यंत ठोकत गेलो. बहुतेक टणक. मात्र भिंतीत रुतलेली दोन टोकं पोकळ वाजली, आणि सिमेंटच्या कंत्राटात त्यांच्याभोवती सिमेंट भरलेलं निघालं. ज्या टोकाला वारा लागत होता ते कोरडं, ज्याला सिमेंट गच्च बसलं ते कुजलेलं, एकाच झाडाच्या लाकडात.

हे काम मेस्त्रीकाकांचं. कुजका भाग कापून त्यांनी बाजूने नवा ऐनाचा तुकडा दोन हात पुढेपर्यंत जोडून घेतला, आरपार नटबोल्ट, खाली-वर वॉशर. भिंतीत टोक जिथे बसतं तिथे खाली एक चपटा दगड, आणि बाजूंना बोटभर मोकळी जागा. "लाकडाक श्वास व्हयो," ते म्हणाले. वाशाचं वजन किती, तो काढताना आढ्याला टेका कुठे द्यायचा, हे वाचून शिकायचं काम नाही. ज्याने शंभर छपरं उतरवली त्याच्या हाताखाली उभं राहून ते शिकावं.

रिपा, म्हणजे कौलं टेकायच्या आडव्या पट्ट्या, मी आणि भावाने मारल्या. दोन कौलं जमिनीवर एकमेकांत बसवून त्यांच्या पाठीच्या टोचांमधलं अंतर मोजलं, साडेबारा इंचांच्या जवळपास आलं. त्या मापाची एक पट्टी कापली आणि प्रत्येक रीप तिने तपासली. टेप दर वेळी थोडा इकडेतिकडे होतो, पट्टी होत नाही.

३० मार्च

गुढीपाडवा. सकाळी गुढी उभारली आणि पाख्याची पहिली ओळ घातली. खालून वर, पागोळीकडून आढ्याकडे. सूत बांधून पहिली ओळ सरळ आली की वरच्या सगळ्या ओळी तिच्यामागून येतात. खालच्या दोन ओळींतली कौलं पाठीच्या भोकातून तांब्याच्या तारेने रिपेला बांधली. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्यालगत गेलं तेव्हा आमच्या कडेचीच कौलं उडाली होती, मधली जागची हलली नव्हती.

रांधपाच्या खोलीवर दोन काचेची कौलं घातली. सकाळी चुलीपाशी दिवा लावावा लागत नाही, आई खूश आहे.

कोने, म्हणजे आढ्यावरची कौलं, चुन्यात बसवले. आधी सिमेंटमध्ये होते आणि प्रत्येक सांध्याला तडा होता. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं. सिमेंट त्या हालचालीत तुटतं, चुना थोडं सामावून घेतो.

६ एप्रिल

वाळवी. जोत्यापासून चौकटीपर्यंत मातीच्या नळ्या चढलेल्या. वाळवी जमिनीत राहते, ओल आणि अंधार जपत या नळीतून लाकडापर्यंत येते. नळी नुसती झाडून टाकली तर काही दिवसांत पुन्हा उभी राहते. आणि चौकट मातीला टेकलेली असेल तर नळीचीही गरज पडत नाही.

उभ्या घरात वाळवीविरोधी उपचार कसा करावा याचं भारतीय मानक आहे, आय. एस. ६३१३, तिसरा भाग. भिंत आणि जमीन मिळते त्या रेषेवर दर ३० सेंटिमीटरला १२ मिलिमीटरचं भोक, आणि भोकामागे जास्तीत जास्त एक लिटर द्रावण. पुढच्या खोल्यांत हे काम परवाना असलेल्या माणसाकडून करून घेतलं. पडवीकडे औषध अजिबात मारलं नाही. विहीर त्या बाजूला आहे आणि तेच पाणी आम्ही पितो.

पडवीच्या चौकटीचे कुजलेले पाय कापले, खाली घडीव दगड बसवला, लाकूड जमिनीपासून सहा इंच वर आणलं. नव्या-जुन्या लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल दिलं. हे तेल कातडीवर पडलं तर भाजल्यासारखे फोड येतात, त्यामुळे मोजे हवेतच. एक हात दिला, दोन दिवस मुरू दिलं, मग दुसरा. लाकूड काळसर होतं आणि वास बरेच दिवस राहतो. या वासाची मला लहानपणापासून सवय आहे.

१२ ते १४ एप्रिल

जोत्याभोवतीची जमीन. हे काम बाहेरून दिसत नाही, त्याचा कुणी फोटो काढणार नाही, आणि माझ्या मते या घराचं भवितव्य याच कामावर आहे.

जुन्या फोटोत घराला जोत्याच्या तीन पायऱ्या दिसतात. आज दोनच आहेत. दरवर्षी पालापाचोळा, सारवणाची माती, कुठे भर घातलेली, असं करत अंगण वर आलं आणि एक पायरी गाडली गेली. म्हणजे जोत्याचा तेवढा भाग जमिनीत आहे. ओल चढेल नाही तर काय होईल?

मागच्या आणि उत्तरेच्या बाजूची माती कुदळीने काढत गेलो. गाडलेली पायरी मिळाली, घडीव जांभ्याची, कडा अजून शाबूत. मातीखाली जुनी पन्हळही सापडली, पागोळ्यांच्या बरोबर रेषेत चिरे बसवून केलेली, मातीने गच्च भरलेली. पणजोबांच्या गवंड्याने पाण्याचा विचार करून ठेवला होता. आम्ही ती फक्त मोकळी केली, फुटलेले चिरे बदलले आणि शेवट माडांच्या आळ्यांकडे वळवला.

उतार पाहायला पारदर्शक नळीत पाणी भरलं, बुडबुडे काढले. एक टोक भावाकडे, एक माझ्याकडे. दोन्हीकडची पाण्याची पातळी भिंतीवर खुणावली आणि त्यावरून दर पन्नास फुटांना एक फूट उतार दिला. डोळ्याला ही जमीन सपाट वाटते. पण बादलीभर पाणी ओतल्यावर ते पन्हळीत शिरलं, कोपऱ्यावर वळलं आणि न थांबता माडापर्यंत गेलं. भाऊ आणि मी पुन्हा पुन्हा पाणी ओतून बघत होतो.

१९ एप्रिल

वीज. लाकडी पट्टीवरची जुनी वायर, तिला आवरण नावालाच. हे काम मी हातात घेतलं नाही. कायद्याप्रमाणे ते परवानाधारकानेच करायचं असतं, आणि ओल्या भिंतींच्या घरात ते योग्यच आहे. नवीन अर्थिंग, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), पाइप भिंतीत न गाडता वरून. भिंतीत खाच मारून दिली नाही.

२६ एप्रिल

सुरखी. फुटकी कौलं आधी घणाने, मग जुन्या दगडी वायनात कुटली आणि मैद्याच्या चाळणीने चाळली. भाजलेल्या मातीची ही पूड चुन्यात मिसळली की ओलीतही गिलावा घट्ट व्हायला मदत होते. नुसत्या चुन्याला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो आणि आमच्या हवेत ते फार सावकाश होतं. जी कौलं शंभर वर्षं वरून पाणी अडवत होती ती आता खालच्या भिंतीत जाणार, याचं मला मनापासून समाधान आहे.

वाळू नदीची, गोडी. खाडीची स्वस्त मिळते, पण तिच्याबरोबर मीठ घरात येतं, आणि मिठाशीच तर आमचं भांडण चाललंय. बाटलीत वाळू-पाणी हलवून ठेवलं, वर गाळाचा थर पातळच बसला. तरी एकदा धुऊन घेतली.

न्हाणीच्या मागच्या भिंतीवर नमुन्याचे चौकोन केले: एक भाग चुना, दोन भाग वाळू, एक भाग सुरखी. एका चौकोनात साधं पाणी, दुसऱ्यात गुळाचं आणि हिरड्याचं. आठवड्याने नखाने ओरखडून बघायचं.

३ मे

गूळ-हिरड्याचा चौकोन अधिक कडक आणि बिनभेगेचा. तोच घ्यायचा.

खड्ड्यातला चुना लोण्यासारखा झाला आहे. थापीला चिकटतो आणि थापी वळवली की सरकतो. घमेल्यात मिसळताना पाणी जवळजवळ घालावंच लागलं नाही. मळण्यातच तो सैल होतो. भिंत आदल्या संध्याकाळी आणि सकाळी पुन्हा शिंपडून ओली केली, नाहीतर कोरडा जांभा गिलाव्यातलं पाणी शोषून घेतो आणि गिलावा पीठ होतो. पहिला थर अर्ध्या इंचाहून कमी, हाताने जोरात मारून चिऱ्याच्या छिद्रांत बसवलेला, वर खरखरीत ओरखडे.

बारीक भेगा आल्या तर लाकडी रंध्याने दाबून बुजवायच्या, तेही गिलावा अंगठ्याला जेमतेम दबतो आहे तेव्हा. ही वेळ एक-दीड तासाची असते. सकाळच्या मीटिंगमधून दोनदा उठून गेलो.

"चुन्याक घाई चलणा नाय," तात्या. दिवसातून तीनदा शिंपडणं, उन्हाच्या बाजूला ओलं गोणपाट.

१७ मे

आतल्या भिंती झाल्या. बाहेरचा पहिला थर पूर्ण, दुसरा उत्तरेला पूर्ण, पश्चिमेचा बाकी. मृग जूनच्या सुरुवातीला, म्हणजे हाताशी वेळ आहे असा हिशेब होता.

२१ मे

काल रात्रीपासून कोसळतोय. वळीव म्हणावा असा नाही, थांबतच नाही. पाखा एका ठिकाणीही गळला नाही. मागच्या पडवीत रात्री टॉर्च घेऊन उभा होतो, सगळं कोरडं. पन्हळ काठोकाठ वाहते आहे आणि माडाकडे जाते आहे.

पश्चिमेच्या भिंतीवर मात्र झड थेट येते. तिथला पहिला थर अजून मऊ आहे. तात्यांच्या परसात माडाची चुडतं पडलेली होती. त्यांनी, आईने आणि काकूंनी बसून झापं विणली. बांबू बांधून ती भिंतीपासून हातभर लांब उभी केली. ताडपत्री भिंतीला लगटून बांधायची नाही, आत वाफ कोंडते. झापातून वारा जातो, पाणी निथळून जातं. पूर्वी पावसाआधी प्रत्येक घराच्या ओटीला अशी झापं लागायची.

२६ मे

मोसमी पाऊस काल देवगडपर्यंत आल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं, आज मुंबईत. मे महिन्यातच. पश्चिमेचा दुसरा थर आता दसऱ्यानंतरच. पहिल्या थराचा खालचा कोपरा थोडा धुऊन गेला, बाकी धरून आहे.

१३ जुलै

भर पाऊस. माजघराची भिंत जमिनीपासून वीतभर ओलसर दिसते, त्याच्या वर कोरडी. गेल्या वर्षी याच दिवसांत छातीपर्यंत पोपडे होते. खालच्या वीतभर भागात गिलाव्यावर क्षाराची बारीक पांढरी साय येते. आठवड्यातून एकदा कोरड्या कुंच्याने झाडतो. हा क्षार वर्षानुवर्षं भिंतीत साठलेला आहे, तो गिलाव्यावाटे बाहेर पडतो आहे आणि त्याने पडायलाच हवं. काही वर्षांनी खालचा हा पट्टा खरवडून पुन्हा द्यावा लागेल. चिरा वाचतो आहे, गिलावा गेला तरी चालेल, म्हणून मला हा सौदा पसंत आहे.

१७ ऑगस्ट

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, दहा दिवसांवर. माजघर आणि देवघराला चुन्याची सफेदी. ओला असताना हात पारदर्शक वाटतो, आईला पहिल्यांदा पटलंच नाही. वाळल्यावर पांढरा होतो. पातळ चार हात, प्रत्येक हाताआधी भिंत ओलसर, शेवटच्या हातात चिमूटभर नीळ. माटवी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) बांधायचे कडे ज्या तुळईला आहेत ती ठोकून तपासली, टणक आहे.

१४ सप्टेंबर

दसऱ्यानंतरची कामं. पश्चिमेचा दुसरा थर, त्यासाठी खड्ड्यात चुना पुरेसा आहे, वरचं पाणी बघत राहायचं. दक्षिणेची माती अजून काढलेली नाही, तिथेही पायरी आणि पन्हळ सापडेल अशी आशा आहे. खळं चोपून सारवायचं.

पुढच्या पाख्याची कौलं आत्ताच मागवायची, मार्चमध्ये सगळं गाव मागवतं. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे, वर थोडी फुटीसाठी. कुणी जुनं घर पाडत असेल तर आधी तिथे विचारायचं. वेगवेगळ्या कारखान्यांच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत, म्हणून आपलं एक कौल बरोबर न्यायचं, त्यांच्या कौलात बसवून बघायचं, आणि घेण्याआधी प्रत्येक कौल वाजवून घ्यायचं. तात्या येतो म्हणाले आहेत.